गाडी विकली, चलान मात्र आपल्याच नावावर

पोफळीच्या महानिर्मिती कॉलनीत बदल्यांचे आदेश निघाले की माणसांबरोबर गाड्याही हात बदलतात. कोणी कोराडीला जातो, कोणी परळीला, निवृत्त झालेला कोणी सांगलीकडे आपल्या गावी. जुनी कार तिथवर न्यायची कशाला, म्हणून ती इथेच विकली जाते. गिऱ्हाईक बहुधा घाटावरचं, कराड-पाटणकडचं. पैसे खात्यात येतात, दोन फॉर्मांवर सह्या होतात, गाडी कुंभार्ली घाट चढून जाते आणि विषय संपला असं विकणारा धरून चालतो. मग काही महिन्यांनी फोनवर संदेश येतो: तासवडे टोलनाक्यावर फास्टॅगमधून पैसे कापले. त्यामागून वेगमर्यादा ओलांडल्याचं चलान, कारसाठी २००० रुपये. नोटिशीवर नाव तुमचंच.

यात यंत्रणेची चूक असतेच असं नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये मालक कोण याचं उत्तर सरळ आहे: नोंदणी ज्याच्या नावावर, तो मालक. गाडी कोणाच्या दारात उभी आहे, पैसे कोणी दिले, किल्ली कोणाकडे आहे, हे कॅमेऱ्याला कळत नाही. तो नंबर टिपतो आणि नंबरासमोर जे नाव, त्यालाच चलान जातं.

नाव बदलायला सरकारी खर्च किती, हे बहुतेकांना माहीतच नसतं, म्हणून आधी तोच सांगते. खाजगी कारच्या हस्तांतरणाचं केंद्रीय शुल्क ३०० रुपये आहे, दुचाकीचं १५०. स्मार्ट कार्डाचे २०० आणि टपालखर्च वेगळा. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट लावलेली नसेल तर आरटीओ काम पुढे सरकवत नाही; ती प्लेट कारला ७४५ रुपये आणि दुचाकीला ४५० रुपये, वर जीएसटी. लेखी विक्रीकरार करायचा तर ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात ५०० रुपयांचा मुद्रांक लागतो. एजंट घेतलात तर त्याची फी वेगळी, ती आधी ठरवून घ्या. ती वगळता हे सगळं धरूनही वेगाच्या एका चलानाच्या आसपासच खर्च येतो. गाडीवर बँकेचा बोजा असेल तर कर्ज फिटल्याचं पत्र आणि फॉर्म ३५ देऊन तो आधी उतरवावा लागतो. कर्ज कधीच फिटलंय पण आरसीवर बँकेचं नाव तसंच आहे, अशा गाड्या पुष्कळ असतात, आणि हस्तांतरण रखडायला तेवढं एक कारण पुरतं.

आता ते दोन फॉर्म. फॉर्म २९ म्हणजे विकणाऱ्यानं आरटीओला द्यायची सूचना: अमुक क्रमांकाची गाडी मी अमुक तारखेला अमुक पत्त्यावरच्या अमुक माणसाला विकून ताब्यात दिली. फॉर्म ३० म्हणजे नाव बदलण्याचा अर्ज. आपल्याकडे रिवाज असा पडलाय की विकणारा दोन्हींवर कोऱ्या सह्या करतो आणि पुढचं घेणारा बघेल म्हणून सोडून देतो. कायदा असं सांगत नाही. कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर विकणाऱ्यानं १४ दिवसांत कळवायचं आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत. जबाबदारी दोघांची आहे, आणि पहिली तुमची. कोऱ्या फॉर्ममध्ये घेणाऱ्याचं नाव नसतं, तारीख नसते. तो वर्षभर एखाद्याच्या डिकीत पडून राहतो आणि शेवटी कोणाच्याही नावावर, कोणत्याही तारखेनं भरला जातो. म्हणून नाव, पूर्ण पत्ता आणि तारीख तुमच्या हातानं भरल्याशिवाय सही करू नका. एक भरलेली प्रत आरटीओत देऊन त्यावर आवक शिक्का घ्या आणि तो कागद गाडीच्या पैशांइतकाच जपून ठेवा.

पोफळीच्या माणसाची अडचण मला माहीत आहे. एमएच-०८ चं कार्यालय रत्नागिरीत, जायचं तर शंभरेक किलोमीटर, एक रजा आणि एस.टी. किंवा पेट्रोलचा खर्च. आधारला जोडलेला मोबाईल असेल तर परिवहनच्या संकेतस्थळावर बराचसा अर्ज घरबसल्या भरता येतो. त्यासाठी विकणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा ओटीपी लागतो, त्यामुळे सौद्याच्या दिवशी दोघं समोरासमोर असतानाच अर्ज भरून टाकावा. गाडी गेल्यावर ओटीपी मागायला फोन करत बसणं फार जड जातं. नाव बदललंय हे पक्कं होईपर्यंत ‘वाहन’ या सरकारी नोंदणी प्रणालीतला आपला मोबाईल क्रमांक बदलू देऊ नका, म्हणजे चलानं निदान तुम्हाला कळतील तरी.

घेणारा टाळाटाळ का करतो, हेही समजून घ्यायला हवं. गाडी खरेदी-विक्री करणारा व्यापारी असेल तर त्याला ती आपल्या नावावर घ्यायचीच नसते. आरसीवर एक नाव वाढलं की पुढचा भाव उतरतो. गाडी बेळगाव किंवा विजापूरकडे जाणार असेल तर कर्नाटकात नव्यानं कर भरावा लागतो, तो टाळायला ती एमएच-०८ च्याच नंबरावर फिरत राहते. दुसऱ्या राज्यात जाणाऱ्या गाडीसाठी फॉर्म २८ ची ना-हरकत लागते आणि मुदत ४५ दिवसांची असते. आणि गाडी पंधरा वर्षांच्या उंबरठ्यावर असेल तर नोंदणी नूतनीकरणाचे ५००० रुपये वाचवायला कित्येकजण ती तशीच चालवतात.

व्यापाऱ्याला गाडी देणाऱ्यांसाठी १ एप्रिल २०२३ पासून एक चांगली सोय झाली आहे, पण ती वापरणारे कमी दिसतात. आरटीओकडून अधिकारपत्र घेतलेल्या व्यापाऱ्याला गाडी दिली की फॉर्म २९सी ऑनलाइन भरायचा. ती सूचना गेली की पुढं नाव बदलेपर्यंत त्या गाडीचा मालक म्हणून तो व्यापारीच धरला जातो. तेव्हा भाव विचारायच्या आधी अधिकारपत्र विचारा. ते नसेल तर चार-पाच हजार जास्त मिळत असले तरी त्या सौद्यात मला राम दिसत नाही.

ओळखीच्या माणसाला गाडी देतानाही थोडा हिशेब राखावा. ठरलेल्या किमतीवर पाचदहा हजार अनामत घ्या आणि नवीन आरसीची प्रत दाखवली की परत करा. ताबा देताना चिठ्ठी करा, तिच्यावर तारखेबरोबर वेळही लिहा. दुपारी तीनला गाडी दिली आणि संध्याकाळी सातचं चलान आलं, तर ती वेळच उपयोगी पडते. घेणाऱ्याच्या आधारची प्रत, किलोमीटरच्या काट्याचा फोटो आणि शक्यतो बँकेतून घेतलेले पैसे, एवढं पुरे. फास्टॅग त्याच दिवशी बंद करून त्याची अनामत परत मागा. विमा कंपनीकडून नो क्लेम बोनसचं पत्रही घ्या; तो बोनस गाडीचा नसून तुमचा असतो आणि नव्या गाडीच्या हप्त्यात वळता होतो.

नोटीस आलीच तर

पहिलं काम, पैसे भरायची घाई करू नका. महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलान संकेतस्थळावर किंवा महाट्रॅफिक ॲपवर गाडीचा क्रमांक आणि चेसिस किंवा इंजिन क्रमांकाचे शेवटचे चार आकडे टाकले की सगळी चलानं दिसतात. प्रत्येकासोबतचा फोटो उघडा आणि मोठा करून बघा. गाडी तीच आहे का? मॉडेल, रंग, मागच्या काचेवरचं स्टिकर, बंपरचा पोचा. तुम्ही पांढरी वॅगनआर विकलीत आणि फोटोत राखाडी स्विफ्ट असेल, तर कोणीतरी तुमचा नंबर दुसऱ्या गाडीला लावलाय. हा गुन्हा आहे. तो चलानापुरता धरू नका, पोलिसांत तक्रार द्या. कधीकधी ५ चा ६ किंवा ८ चा ३ वाचला गेलेला असतो, तेही फोटोत कळतं.

मग तीन तारखा एका कागदावर मांडा: ताबा दिला ती, आरसीवर नाव बदललं ती आणि चलानाची. नाव बदलल्यानंतरचं चलान असेल तर काम सोपं आहे. एमपरिवहन ॲपवर आजचा मालक कोण हे बघा, त्याचा स्क्रीनशॉट आणि नवीन आरसीचा तपशील जोडून त्याच संकेतस्थळावर तक्रार नोंदवा. याला एक पैसा लागत नाही, आणि असं चलान तुम्ही भरूही नये.

नाव बदललेलंच नसेल तर चलान कायद्यानं तुमच्याच नावावर आहे, तेव्हा भांडायला जाण्यापेक्षा कामाला लागलेलं बरं. घेणाऱ्याला फोन करा, पण फोनवर थांबू नका. नोंदणी आणि पोच यांसह स्पीड पोस्टानं पत्र पाठवा: गाडी या तारखेला तुम्हाला दिली, इतकी चलानं आली आहेत, पंधरा दिवसांत भरा आणि गाडी नावावर करून घ्या. त्याच पत्राची प्रत आणि भरलेला फॉर्म २९ आरटीओत द्या. गाडी कराडच्या माणसानं घेतली असेल तर हस्तांतरण तिथल्या, म्हणजे एमएच-५० च्या कार्यालयात व्हायचं. तिथंही प्रत धाडा. आपल्या अलोरे-शिरगाव पोलीस ठाण्यात लेखी अर्ज देऊन पोच घ्या. चलान कोणत्या वाहतूक शाखेचं आहे ते त्यावर लिहिलेलं असतं. त्या शाखेला घेणाऱ्याचं नाव-पत्ता आणि ताब्याची चिठ्ठी पाठवा. गाडी कोण चालवत होतं हे पोलिसांनी विचारलं तर सांगणं हे कलम १३३ प्रमाणे मालकाचं कर्तव्यच आहे, त्यामुळे माहिती देण्यात संकोच धरू नका.

चलान भरावं की नाही, असं पुष्कळजण विचारतात. नो पार्किंगचं पाचशेचं एखादंच असेल, घेणारा सापडत नसेल आणि बाकी चलानामुळे हस्तांतरण अडलं असेल, तर भरून नाव बदलून घेणं शहाणपणाचं. पण भरलं आणि आरसी तशीच ठेवली तर पैसे पाण्यात गेले. पुढच्या महिन्यात दुसरं येईल. विम्याशिवाय गाडी चालवल्याचं २००० रुपयांचं, दुसऱ्यांदा ४००० चं, किंवा परवाना नसलेल्याच्या हाती गाडी दिल्याचं चलान असेल तर भरून मोकळं व्हायच्या आधी वकिलाला दाखवा. लोकअदालतीचा संदेश आला तर जरूर जा, मात्र तिथली तडजोड ही चलान निकाली काढण्यापुरती असते. मालकी त्यानं बदलत नाही.

व्यापाऱ्यानं आरसी बदलून देण्याचे पैसे सौद्यातून कापले असतील आणि काम केलं नसेल, तर ती सेवेतली त्रुटी आहे. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा; न जमल्यास जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. त्यासाठी पैसे कापल्याची पावती किंवा निदान लेखी संदेश हवा. तोंडी बोलणं तिथं टिकत नाही.

बुडालेल्या आणि भंगारात गेलेल्या गाड्या

२२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी घराघरांत शिरलं तेव्हा गाड्याही बुडाल्या. अशा गाड्यांचा विमा कंपनी बहुधा पूर्ण नुकसान धरून हिशेब करते आणि सांगाडा दुसराच कोणी उचलून नेतो. सांगाड्याबरोबर आरसीही गेली आणि नोंदणी रद्द झाली नाही, तर तो नंबर जिवंतच राहतो. इंजिन दुरुस्त होतं, नाहीतर नंबर दुसऱ्या गाडीवर चढतो. गाडी कायमची निकामी झाली तर १४ दिवसांत आरटीओला कळवून आरसी रद्द करायला द्यायची, असं कलम ५५ सांगतं. मुदत गेली असली तरी आजही अर्ज करा. त्या वेळी गाडी गेली असेल तर आपला जुना नंबर एकदा एमपरिवहनवर टाकून बघा. विम्याची किंवा पीयूसीची तारीख अलीकडची दिसली तर ती गाडी, किंवा तिचा नंबर, कुठंतरी फिरतोय.

चलानापेक्षा मोठा खर्च

चलानाचे हजार-दोन हजार सोसता येतात. मला खरी धास्ती अपघाताची वाटते. सर्वोच्च न्यायालयानं ६ फेब्रुवारी २०१८ रोजी नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात निकाल दिला. गाडी २००७ मध्ये विकलेली, मग हातोहात पुढं गेलेली. २००९ मध्ये तिच्याखाली एक मुलगा गेला. न्यायालयानं भरपाईची जबाबदारी आरसीवर ज्याचं नाव होतं त्याच्यावरच ठेवली. गाडी कोणाकोणाच्या हातून गेली हे शोधत फिरण्याची वेळ अपघातग्रस्ताच्या कुटुंबावर येऊ नये, हे त्यामागचं म्हणणं, आणि ते मला पटतं. पण विम्याची मुदत संपलेली असेल तर ही भरपाई थेट नोंदणीकृत मालकाच्या खिशातून जाते आणि ती लाखांत असते.

म्हणून नाव बदलायला वेळ लागतोय असं दिसलं की त्या गाडीचा त्रयस्थ विमा चालू आहे का ते आधी बघा. घेणाऱ्यानं भरला नसेल तर, कितीही जिवावर आलं तरी, हस्तांतरण होईपर्यंत तुम्ही भरा. १००० ते १५०० सीसीच्या कारला जून २०२२ पासूनचा दर ३४१६ रुपये आणि वर जीएसटी, हजार सीसीच्या आतल्या कारला २०९४. मग ते पैसे घेणाऱ्याकडून वसूल करा.

मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाचं समन्स आलं तर गाडी आपली नाही म्हणून ते परत पाठवू नका. तुमच्या गैरहजेरीतही निकाल होतो. तारखेला हजर राहून ताब्याची चिठ्ठी, फॉर्म २९ ची पोच आणि पत्रांच्या पावत्या दाखल करा, घेणाऱ्याला पक्षकार करण्याचा अर्ज द्या. वकील परवडत नसेल तर चिपळूणच्या न्यायालयातल्या तालुका विधी सेवा समितीकडे जा. महिलांना, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना, अपंगांना आणि वार्षिक उत्पन्न तीन लाखांच्या आत असणाऱ्यांना तिथं मोफत वकील मिळतो. चौकशीसाठी हेल्पलाइन १५१००.