गोळी पाळी चुकण्याआधी

पहिल्या वेळी सातव्या महिन्यात सोनोग्राफी झाली. बाळाची कवटी तयारच झाली नव्हती. मुलगी जन्मली, थोडा वेळ श्वास घेतला आणि गेली. घाटंजी तालुक्यातल्या आमच्या गावानं कारण लगेच ठरवलं: हिनं ग्रहणात भाजी चिरली असणार.

ग्रहणाचा काडीचा संबंध नाही, तो समज आधी मनातून काढा. मेंदू आणि मणका जिच्यापासून घडतात ती नळी गर्भ राहिल्यापासून चार आठवड्यांत बंद होते, म्हणजे पाळी चुकून पंधरा दिवस होतात न होतात तोच. आपल्याकडे बाई उपकेंद्रात नाव नोंदवते दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात. तेव्हा हातात पडणारी फॉलिक ॲसिडची गोळी या नळीच्या कामी येत नाही. म्हणून मूल हवं असं ठरलं, की निदान महिनाभर आधीपासून रोज 400 मायक्रोग्रॅमची गोळी सुरू करा आणि तिसरा महिना संपेपर्यंत घ्या. नव्या सुनेसाठी आशाताईंकडे ही गोळी सासूनंच मागावी. असं बाळ आधी गेलं असेल, तर डोस 5 मिलिग्रॅमचा लागतो, तो डॉक्टरांच्या चिठ्ठीनंच. गोळीनं सगळेच दोष टळत नाहीत, पण या दोषाचा धोका बराच कमी होतो.

कापूस वेचणीच्या दिवसांत मजुरी बुडते म्हणून सोनोग्राफी पुढे ढकलू नका. 18 ते 20 आठवड्यांत ‘ॲनोमली स्कॅन’ असं नाव घेऊनच मागा आणि रिपोर्ट लेखी घ्या. 2008 मध्ये मुंबईच्या निकेता मेहता यांना बाळाच्या हृदयातला दोष तेव्हाच्या कायद्यातली 20 आठवड्यांची मुदत उलटल्यावर कळला आणि उच्च न्यायालयानं गर्भपाताची परवानगी नाकारली. 2021 मध्ये कायदा बदलला. गंभीर दोष असेल तर आता 24 आठवड्यांनंतरही वैद्यकीय मंडळाकडे जाता येतं.

बाळ गेल्यानंतरचं मात्र कुणी सांगत नाही. तिसऱ्या दिवशी मला पान्हा फुटला. छाती दगडासारखी झाली, पदर भिजून गेला आणि घरात बोलायचीही चोरी. अशा वेळी दूध पिळत बसू नका. थंड ओलं फडकं ठेवा. दूध आटवायची गोळी डॉक्टर देतात. ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. बाळ नसलं तरी ती बाई ओली बाळंतीणच आहे, तिला पोटभर खाऊ घाला, शेतात धाडू नका. आणि बाळाच्या कपड्यांबरोबर दवाखान्याची फाइल टाकून देऊ नका. पुढच्या वेळचा डोस त्याच कागदांवरून ठरतो.