महाजालावरील मजकूर वाचावा कसा?

इयत्ता पाचवी ते आठवीच्या वर्गशिक्षकांसाठी अभ्यासपाठ

गावात पत्र आले की ते गुरुजींकडून वाचून घ्यावयाचे, अशी रीत आपल्या भागात पुष्कळ वर्षे होती. वाचणारी माणसे थोडी असल्यामुळे शाळामास्तर हाच गावाचा वाचक असे. आज बहुतेक घरांत वाचता येणारे मूल आहे आणि त्या मुलाच्या हाताशी मोबाईल आहे. तथापि गुरुजींना विचारण्याची रीत गेलेली नाही. प्रश्न तेवढा बदलला आहे. पूर्वी लोक विचारीत, “गुरुजी, यात काय लिहिले आहे?” आता विचारतात, “गुरुजी, यात लिहिले आहे ते खरे का?”

या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देणे पहिल्याहून कठीण आहे. ते देण्याची, आणि विद्यार्थ्यांना स्वतः शोधावयास शिकविण्याची, तयारी शिक्षकाने कशी करावी, हे प्रस्तुत पाठात सांगावयाचे आहे. प्रथम महाजाल कसे घडले ते थोडक्यात पाहू. कारण त्याच्या घडणीतच या प्रश्नाचे मूळ आहे.

१. महाजालाची घडण

तारीख २९ ऑक्टोबर १९६९ रोजी अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात दोन संस्थांमधील संगणक प्रथमच जोडण्यात आले. ‘लॉगिन’ हा शब्द पाठवावयाचा होता. परंतु ‘एल’ आणि ‘ओ’ ही दोनच अक्षरे पोहोचली आणि यंत्रणा बंद पडली. आरंभ असा दोन अक्षरांचा होता, हे मुलांना अवश्य सांगावे.

या जाळ्यातून मजकूर जातो कसा, हे पुढील दृष्टांताने समजेल. तालुक्याहून शाळेत पुस्तके पाठवावयाची आहेत. सगळी एका गाडीत न घालता त्यांचे लहान गठ्ठे बांधले, प्रत्येक गठ्ठ्यावर शाळेचा पत्ता व अनुक्रमांक घातला आणि जो रस्ता मोकळा असेल त्या रस्त्याने ते रवाना केले. एका नाल्याला पूर आला तर गठ्ठा दुसऱ्या वाटेने येईल, हरवला तर पुन्हा मागविता येईल, आणि सगळे आले म्हणजे क्रमांक पाहून पुस्तके लावता येतील. इंटरनेटवरील मजकूर असाच तुकड्यातुकड्यांनी प्रवास करतो. या प्रवासाचे समान नियम १ जानेवारी १९८३ पासून त्या जाळ्यात लागू झाले. त्यायोगे निरनिराळी जाळी एकमेकांस जोडणे सुकर झाले.

ध्यानात ठेवण्याची गोष्ट ही की, गठ्ठा वाहून नेणारा आतील पुस्तक उघडून ते बरे की वाईट हे पाहत नाही. पत्ता बरोबर असला की त्याचे काम झाले.

इंटरनेट आणि वेब या दोन वस्तू एक नव्हेत. इंटरनेट हा रस्ता आहे; वेब हे त्या रस्त्याने गाठावयाचे ग्रंथालय आहे. १९८९ साली जिनिव्हाजवळील ‘सर्न’ या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी अशी कल्पना मांडली की, संगणकावरील एका पानातील शब्दाला दुसऱ्या पानाचा दुवा जोडावा आणि वाचकाने त्यावरून थेट त्या पानावर जावे. तारीख ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने हे तंत्र सर्वांस विनामूल्य खुले केले. पान लिहिण्यास कोणाची परवानगी नको, मुद्रणालय नको, संपादक नको. वेब जगभर झपाट्याने पसरले ते या मोकळीकीमुळेच. आणि पानावर लिहिलेल्या मजकुरास कोणी जामीन राहिला नाही, तोही तिच्यामुळेच.

२. आपल्या देशात व आपल्या भाषेत

भारतात १९८६ साली ‘एर्नेट’ या शैक्षणिक जाळ्याचे काम सुरू झाले. सामान्य ग्राहकास इंटरनेट मिळू लागले ते १५ ऑगस्ट १९९५ पासून, विदेश संचार निगमामार्फत व मोठ्या शहरांपुरते. खेड्यांत ते खऱ्या अर्थाने पोहोचले मोबाईलमुळे, विशेषतः २०१६ नंतर डेटा स्वस्त झाल्यावर.

मराठीची अडचण निराळीच होती. आरंभी प्रत्येक मराठी वृत्तपत्राचा व संस्थेचा संगणकीय टंक वेगळा असे. तो टंक आपल्या संगणकात नसला तर पडद्यावर अर्थहीन चिन्हांची रांग उमटे. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘युनिकोड’ या जागतिक संकेतप्रणालीत देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक मिळाला. पुढे ही प्रणाली सर्वत्र रूढ झाली, तेव्हा एका ठिकाणी लिहिलेले मराठी दुसऱ्या ठिकाणी जसेच्या तसे वाचता येऊ लागले. ‘मराठी विकिपीडिया’ हा मुक्त ज्ञानकोश १ मे २००३ रोजी सुरू झाला. त्यात कोणीही लेख लिहू शकतो व दुसऱ्याच्या लेखातील चूकही दुरुस्त करू शकतो.

३. गावाला उपयोग कशाचा झाला?

ज्या १९९८ साली आपला वाशिम जिल्हा अकोल्यापासून वेगळा झाला, त्याच साली कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील वारणानगर परिसरात एक मोठा प्रयोग सुरू झाला. सुमारे सत्तर गावे संगणकाने सहकारी साखर कारखान्याशी जोडावयाची आणि शेतीविषयक माहिती, शिक्षण, शासकीय सेवा हे सर्व गावातील केंद्रावर द्यावयाचे, असा संकल्प होता. प्रत्यक्षात ती केंद्रे मुख्यतः एकाच कामी आली: उसाचे वजन किती भरले, तोडणी केव्हा, रक्कम किती, हे शेतकऱ्यास गावातच कळू लागले. पुढे संगणकांची देखभाल महाग पडू लागली, तेव्हा काही संशोधकांनी सात गावांत त्याऐवजी साधा मोबाईल संदेश वापरून पाहिला आणि तेच काम कमी खर्चात झाले. सारांश, मनुष्य यंत्र पाहून येत नाही. त्याला स्वतःच्या प्रश्नाचे उत्तर हवे असते.

आपल्या जिल्ह्यातही हेच दिसते. सातबाराच्या उताऱ्यासाठी तलाठ्याची वाट पाहावी लागे. १ मे २०१८ पासून राज्यात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा महाजालावर मिळू लागला. सोयाबीन व तुरीचे बाजारभाव शेतकऱ्याला घरबसल्या पाहता येतात. शाळेच्या बाबतीत पाहावयाचे तर, पाठ्यपुस्तकातील क्यूआर संकेत मोबाईलसमोर धरला की धड्याशी निगडित चित्र अथवा ध्वनी उघडतो. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडी येथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक श्री. रणजितसिंह डिसले यांनी या संकेतांचा वर्गात उपयोग करून दाखविला. २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तेव्हा रकमेचा अर्धा भाग त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांत वाटून दिला.

त्याच २०२० साली महामारीमुळे शाळा बंद झाल्या, तेव्हा दुसरी बाजूही आपण पाहिली. ज्या घरी मोबाईल एकच, तोही वडिलांबरोबर शेतात गेलेला, त्या घरच्या मुलाचा अभ्यास थांबला. यंत्राने शाळेची जागा घेतली नाही.

४. राईनपाड्याची घटना

आता ज्यासाठी हा पाठ लिहिला, त्या गोष्टीकडे वळू.

सन २०१८ च्या उन्हाळ्यात देशातील अनेक भागांत ‘मुले पळविणारी टोळी आली आहे’ असे संदेश मोबाईलवरून फिरत होते. तारीख १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे बाजाराचा दिवस होता. नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातील पाच जण भिक्षेसाठी तेथे आले होते. मुले पळविणारे समजून जमावाने त्यांना धरले, ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडले आणि मारून टाकले. ते निरपराध होते.

त्या महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने, दुसऱ्याकडून आलेला संदेश पुढे धाडल्यास तशी खूण दिसावी, अशी सोय केली आणि भारतात एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी संदेश पुढे पाठविण्यास बंदी घातली. उपाय योग्यच होता; परंतु तो यंत्रात केलेला उपाय होय. माणसातील उपाय करण्याचे स्थान शाळा हेच आहे. ज्यांनी तो संदेश पुढे धाडला त्यांतील कित्येक जण शाळा शिकलेले असतील. त्यांना अक्षरे वाचता येत होती. ‘हे कोणी लिहिले?’ हा प्रश्न मात्र त्यांनी विचारला नाही.

इतरांस दोष देण्यापूर्वी प्रस्तुत लेखकाने स्वतःची चूक सांगितली पाहिजे. एका पावसाळ्यात ‘अतिवृष्टीमुळे उद्या शाळांना सुट्टी’ असा संदेश आला. तो मी न तपासता पालकांच्या गटावर टाकला. संदेश मागील वर्षाचा व दुसऱ्या जिल्ह्याचा होता. दुसऱ्या दिवशी शाळा भरली, पण निम्मी मुले आली नाहीत. एक वृद्ध पालक म्हणाले, “गुरुजी, तुमच्याकडून आला म्हणून आम्ही खरा धरला.” ते वाक्य मी विसरलो नाही. शिक्षकाने पाठविलेल्या संदेशावर गाव न बोलता विश्वासाची मोहर उमटविते.

५. वर्गपाठाची रूपरेषा

उद्देश : मजकूर खरा मानण्यापूर्वी चार प्रश्न विचारण्याची सवय लावणे.

साहित्य : शाळेचे एक जुने परिपत्रक; फळ्यावर लिहिलेला एक निनावी संदेश. मोबाईल अथवा वीज यांची आवश्यकता नाही.

प्रस्तावना : आपल्या वाशिमच्याच ताम्रपटाची गोष्ट सांगावी. १९३९ साली वाशिम येथे वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट सापडला. हे दानपत्र वत्सगुल्म येथून, म्हणजे आजच्या वाशिमहून, राजाच्या सदतिसाव्या राज्यवर्षी दिलेले आहे. दान देणारा कोण, ठिकाण कोणते, वर्ष कोणते, गाव कोणते, घेणारे कोण, हे सर्व त्यात कोरलेले आहे. म्हणूनच सोळा शतकांनंतरही त्याचा पडताळा पाहता आला. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातील पुसट शिलालेखाशी तो ताडून पाहिला, तेव्हा वाकाटकांच्या या शाखेतील राजांची नावे नीट लावता आली. एका लेखाने दुसऱ्याची साक्ष दिली.

विषयप्रतिपादन : फळ्यावर लिहावे, “उद्यापासून सर्व शाळांना आठ दिवस सुट्टी. ही बातमी सर्वांना ताबडतोब कळवा.” शेजारी परिपत्रक लावावे. मग मुलांना पुढील प्रश्न दोन्हींविषयी विचारावेत.

(अ) कोणी लिहिले? परिपत्रकावर अधिकाऱ्याचे नाव व स्वाक्षरी आहे. संदेशावर काय आहे?

(आ) कोठून आले? कोणते कार्यालय, कोणता जिल्हा?

(इ) केव्हा लिहिले? ‘उद्या’ हा शब्द तारखेवाचून निरर्थक आहे, हे मुलांकडूनच काढून घ्यावे.

(ई) कशावरून? हीच गोष्ट दुसऱ्या कोणी स्वतंत्रपणे सांगितली आहे काय? एकच संदेश दहा जणांनी पुढे धाडला तर साक्षी दहा होत नाहीत. साक्षी एकच राहतो.

‘ताबडतोब कळवा’ या शब्दांकडे मुलांचे लक्ष वेधावे. जो मजकूर वाचकाला विचार करण्यास वेळ देऊ इच्छित नाही, त्याला अधिक वेळ द्यावा, हा नियम फळ्यावर लिहून ठेवावा.

दक्षता : या पाठाने मुलांत सर्वच गोष्टींविषयी अविश्वास उत्पन्न होऊ देऊ नये. सातबारा, पाठ्यपुस्तक, ज्ञानकोश हेही महाजालावरच आहेत. चारही प्रश्नांची उत्तरे मिळाली तर मजकूर निःशंक वापरावा, हेही तितक्याच आग्रहाने सांगावे.

स्वाध्याय : प्रत्येक विद्यार्थ्याने घरी आलेला एक संदेश वहीत उतरवून आणावा व चार प्रश्नांची उत्तरे लिहावीत. घरी मोबाईल नसलेल्या मुलांनी भिंतीवरील जाहिरात किंवा दवंडी घ्यावी. प्रश्न तेच लागू पडतात.

६. समारोप

चार प्रश्न मुलांना शिकविणे सोपे आहे. शिक्षकाने ते स्वतः पाळणे त्याहून कठीण. कारण गावात आपल्याकडून तत्काळ उत्तराची अपेक्षा असते आणि ‘ठाऊक नाही’ म्हणण्यास संकोच वाटतो. परंतु चावडीवर कोणी मोबाईल पुढे करून “गुरुजी, हे खरे का?” असे विचारील, तेव्हा “पाहून सांगतो” हे दोन शब्द उच्चारण्यात कोणताही कमीपणा नाही. मात्र मग खरोखरच पाहावे, आणि दुसऱ्या दिवशी आठवणीने सांगावे. गुरुजी पाहून सांगतात हे ज्या गावातील मुले रोज पाहतील, त्या गावात बाजाराच्या दिवशी आलेला परका भिक्षेकरी सुखरूप परत जाईल.