फिरता व्हॉल्व्ह अँप्लिफायर : बॅटरी नेमकी कोण खाते?

नफ्याचे पान उघडण्याआधी खर्चाचे पान उघडावे, हे व्यापारी बंधूंना सांगायला नको. हाच नियम विजेच्या यंत्रालाही लागू आहे, हे मात्र आम्हाला पैसे गेल्यावर समजले. आम्ही कापडवाले, व्हॉल्व्ह आणि कंडेन्सर हा आमचा विषय नव्हे. पण भोरमधील एका जुन्या रेडिओ मिस्त्रीबरोबर आम्ही मुदारबाच्या तत्त्वावर एक छोटे काम सुरू केले. भांडवल आमचे, कारागिरी त्यांची, नफा ठरलेल्या हिश्श्याने. तोटा झाला तर रक्कम भांडवलवाल्याची जाते आणि कारागिराची मेहनत जाते. पहिल्या खेपेला दोन्ही गेले. ते का गेले, आणि यंत्राची रचना सुधारून काय साधले, ते येथे मांडतो. घरोघरी दुरुस्तीची दुकाने बंद पडत असताना कोणा कारागीर बंधूला याचा उपयोग व्हावा, एवढाच हेतू आहे.

वस्तू अशी : मोबाईल किंवा टेपमधील आवाज हेडफोनवर ऐकवणारा, बॅटरीवर चालणारा, हातात नेण्याजोगा व्हॉल्व्हचा अँप्लिफायर. शौकीन गिऱ्हाईक आजही अशी वस्तू मागते. संगीत ऐकावे की नाही हा प्रश्न वाचकांनी उलेमांना विचारावा. बयान आणि किरात ऐकणारेही आमच्याकडे आले. कल्पना नवी नाही. ट्रान्झिस्टर येण्यापूर्वी, 1940 च्या दशकात, कमी ऐकू येणाऱ्यांसाठी खिशात ठेवायची यंत्रे होती, त्यांत पेन्सिलच्या तुकड्याएवढे बारीक व्हॉल्व्ह असत. एक लहान बॅटरी तार तापवायला आणि दुसरी प्लेटसाठी. हाही फिरता व्हॉल्व्ह अँप्लिफायरच. 1952-53 पासून कानाच्या यंत्रात ट्रान्झिस्टर आला आणि ती विद्या मागे पडली.

आमची पहिली रचना प्रचलित पद्धतीची होती. बारा व्होल्टची बॅटरी, एक ईसीसी 82 व्हॉल्व्ह (यालाच 12 एयू 7 म्हणतात), त्यातील एक भाग डाव्या कानाला आणि एक उजव्या. व्हॉल्व्ह आवाज वाढवतो, पण हेडफोन ओढण्याइतका करंट त्याच्यात नसतो, म्हणून पुढे दोन मॉसफेट. बॅटरी 1.3 अँपिअर-अवरची, स्कूटरच्या बॅटरीसारखी लेड-ॲसिड, पण बंद डब्याची. आवाज गोड होता. वेल्ह्याच्या (हल्लीचा राजगड तालुका) एका निवृत्त गुरुजींनी पहिला नग घेतला. तोरण्याच्या पायथ्याला पावसाळ्यात वीज गेली की कधी येईल याचा नेम नाही. रात्री घरच्यांची झोप न मोडता ऐकता यावे, म्हणून त्यांनी तो घेतला. आठ दिवसांत ते पिशवीत घालून परत घेऊन आले. म्हणाले, “शेठ, तीन तासांच्या आत मान टाकतो.” आम्ही पैसे परत केले. पुढचे दोन नगही याच तक्रारीने परत आले.

तेव्हा मिस्त्रीचाचांना आम्ही सांगितले, की आता वही काढा आणि प्रत्येक मिलिअँपिअर कुठे जातो ते लिहा. हिशेब असा निघाला. व्हॉल्व्हचा हीटर 150 मिलिअँपिअर. दोन्ही मॉसफेटखाली 56 ओहमचे रेझिस्टन्स, प्रत्येकावर सहा व्होल्ट. म्हणजे प्रत्येकी सुमारे 107, दोन्ही मिळून 214. एकूण 364. आता 1300 ला 364 ने भागा : कागदावर साडेतीन तास. अशी बॅटरी इतक्या वेगाने रिकामी केली तर ती छापलेला आकडा देत नाही, म्हणून प्रत्यक्षात तीन तासही नाहीत. यातला व्हॉल्व्हच्या प्लेटचा करंट, म्हणजे ज्याने आवाज वाढतो तो, एक-दोन मिलिअँपिअर. दुकानाचे भाडे आणि नोकरांचा पगार यातच सगळी कमाई जावी आणि मालासाठी चार आणे उरावेत, तसा हा प्रकार.

पहिली सुधारणा मॉसफेटची. 32 ओहमच्या हेडफोनला मोठ्या आवाजासाठी 10 मिलिवॅट भरपूर होतात. त्याला लागतो अर्ध्या व्होल्टहून थोडा जास्त दाब आणि शिखरावर 25 मिलिअँपिअर. मग 107 वाहते ठेवायचे कशाला? 56 च्या जागी 150 ओहम घातले, करंट 40 वर आला, दोन्ही मिळून 80. कानाला काहीच फरक कळला नाही. रेझिस्टन्स आधी चटका देत असे, तो नुसता कोमट राहिला. बेरीज 364 वरून 230. एवढी साधी गोष्ट आधी का केली नाही, असे वाचक विचारतील. उत्तर हेच की रचना उसनी घेतली होती, आणि उसन्या मालाचे माप कोणी तपासत नाही.

आता वहीत हीटर एकटाच एकूण खर्चाच्या दोन-तृतीयांशाला आला. येथे मिस्त्रीचाचांना त्यांच्या उस्तादांचे दिवस आठवले. आकाशवाणीचे पुणे केंद्र 2 ऑक्टोबर 1953 रोजी सुरू झाले. 1956 मध्ये युनेस्कोच्या मदतीने पुणे व आसपासच्या पाच जिल्ह्यांत शेतकऱ्यांच्या रेडिओ मंडळांचा प्रयोग झाला. सुमारे दीडशे गावांत लोक एकत्र बसून कार्यक्रम ऐकत व त्यावर चर्चा करीत. त्या काळी जेथे वीज नव्हती तेथे रेडिओ कोरड्या बॅटरीवर चाले, आणि त्यासाठी वेगळेच व्हॉल्व्ह होते. डीएफ 91, अमेरिकन नावाने 1 टी 4. त्याच्या फिलामेंटला 1.4 व्होल्ट आणि फक्त 50 मिलिअँपिअर पुरतात. ईसीसी 82 चा हीटर 1.9 वॅट खातो; असे दोन डीएफ 91 मिळून 0.14 वॅट. तेरा पटींचा फरक! आम्ही बारा व्होल्टच्या मोटारीतल्या रचनेची नक्कल करीत होतो, आणि आमच्याच डोंगरी मुलखासाठी बनलेली वस्तू जुन्या डब्यात पडून होती.

नव्या रचनेत दोन डीएफ 91 ट्रायोडसारखे जोडले. फिलामेंटला एक साधा दीड व्होल्टचा सेल. 100 मिलिअँपिअरला चांगला अल्कलाइन सेल वीस तासांच्या पुढे जातो. प्लेटसाठी नऊ व्होल्टच्या पाच लहान बॅटऱ्या ओळीने, म्हणजे 45 व्होल्ट. प्रत्येक प्लेटला 33 हजार ओहम असल्याने दोन्ही मिळून तीन मिलिअँपिअरही जात नाहीत. त्या दीडशे तास सहज टिकतात. बारा व्होल्टच्या बॅटरीवर आता फक्त 80 चा बोजा राहिला. तीन तासांचे पंधरा तास झाले.

अडचणी मात्र आल्या. फिलामेंटची तार केसासारखी बारीक, आणि तीच कॅथोड. डब्याला टिचकी मारली की कानात घंटा वाजते. चेलाडी फाट्यावरून वेल्ह्याला जाणाऱ्या एसटीत तर ऐकणेच अशक्य झाले. आम्ही दुकानातून नमदा दिला, सॉकेटखाली घातला. फारसा उपयोग नाही. शेवटी सॉकेट एका छोट्या पट्टीवर बसवून ती पट्टी सायकलच्या ट्यूबच्या चार तुकड्यांवर टांगली, आणि जाड तारांऐवजी मऊ बारीक तारा लावल्या, कारण जाड तार हादरा आत पोचवते. घंटा पूर्ण गेली नाही, बरीच उतरली. जपानच्या कॉर्ग आणि नोरिताके यांनी 2015 मध्ये जाहीर केलेला चपटा व्हॉल्व्ह तर 0.7 व्होल्ट आणि 17 मिलिअँपिअरवर तापतो, पण टिचकीचा दोष त्यालाही आहे.

दोन सूचना कारागिरांसाठी. हेडफोनच्या वाटेतला कंडेन्सर 470 मायक्रोफॅरडपेक्षा कमी नको. 100 चा घातला तर 32 ओहमवर पन्नास सायकलपासूनच खालचा सूर गळू लागतो. आणि यंत्र चालू करून मगच हेडफोन लावावा, नाहीतर पहिला धक्का कानात बसतो.

आता विक्रीची गोष्ट. पुण्याची तपकीर गल्ली किंवा मुंबईचा लॅमिंग्टन रोड, बाजारात असाही माल दिसतो ज्यात व्हॉल्व्ह केवळ शोभेचा असतो. खाली नारिंगी एलईडी, आवाज सगळा चिपमधून. ओळखायचे सोपे आहे : व्हॉल्व्ह काढा, आवाज तसाच राहिला तर समजा. प्रेषित (स.) बाजारात धान्याच्या राशीजवळ आले, आत हात घातला, तर खाली ओले धान्य लागले, हा प्रसंग सर्वांना ठाऊक आहे. आम्हाला वाटते, एलईडीखाली झाकलेले खोटे हे तेच ओले धान्य होय. आमच्या मालाबद्दलही खरे सांगायचे तर व्हॉल्व्ह साध्या चिपपेक्षा स्वच्छ वाजत नाही. तो आवाजात स्वतःची थोडी भर घालतो, ती काही कानांना आवडते. गिऱ्हाइकाला हे विकण्याआधी सांगावे, त्याने मग घ्यावे किंवा न घ्यावे.

गुरुजींना नवा नग आम्ही पाऊस सुरू होण्याआधी पोचवला. झाकणाच्या आतल्या बाजूला मिस्त्रीचाचांच्या हाताने लिहिलेली चिठ्ठी आहे : किती तास चालेल, कोणती बॅटरी कधी बदलावी, ठोकल्यास घंटा वाजेल, आणि दीड व्होल्टच्या जागी दुसरा सेल घातल्यास फिलामेंट तत्क्षणी जळेल. पैसे त्यांनी या वेळी आधी दिले नाहीत, महिनाभर वापरून देतो म्हणाले. आम्ही मान्य केले.