बाभळीचा काटा

प्रस्तावना

बसने किंवा रेल्वेने तुम्ही अनेकदा प्रवास केला असेल. अशा प्रवासात मुक्कामाचे ठिकाण कधी येते, याकडेच आपले लक्ष असते. वाटेतली शेते आणि माणसे खिडकीबाहेर मागे पडत जातात. प्रस्तुत पाठात एका सायकलप्रवाशाचा एक दिवस वर्णिला आहे. ही वाट विदर्भातील नागपूर ते पवनार अशी सुमारे 70 किलोमीटरची आहे.

मूळ पाठ

डिसेंबर महिन्यातील थंड पहाट. प्रवाशाने सायकलीच्या मागे कपड्यांची पिशवी बांधली, चाकांत हवा भरली आणि उजाडताच नागपूर सोडले. बुटीबोरीचे कारखाने मागे पडले, तसा दोन्ही बाजूंना सपाट मुलूख पसरला. संध्याकाळपूर्वी पवनार गाठायचे, एवढाच त्याचा संकल्प होता. दर तासाला किती अंतर कापले, याचा तो हिशेब मांडत होता.

सपाट रस्ता सोपा असतो, असा अनेकांचा समज आहे. परंतु मैदानात वाराच चढणीचे काम करतो. वारा समोरून येऊ लागला की पाय जड होतात. सायकलीचा वेग दुप्पट झाला, तर हवेचा विरोध जवळजवळ चौपट होतो. म्हणून अनुभवी सायकलस्वार वाऱ्याशी झुंजत नाही. तो अंग पुढे झुकवतो, वेग कमी करतो आणि तहान लागण्याची वाट न पाहता थोडे थोडे पाणी पीत राहतो.

केळझर मागे टाकल्यावर मागचे चाक एकाएकी खडखडू लागले. ट्यूबमधली हवा गेली होती. प्रवाशाने ट्यूब बाहेर काढली. पण छिद्र सापडेना. शेजारच्या शेतात कापसाची वेचणी चालू होती. कमरेला झोळी बांधलेली एक प्रौढ स्त्री बांधावर आली.

“कुठून आले, भाऊ?”

“नागपूरहून. पवनारला निघालो आहे.”

“इतक्या दूर सायकलनं? एसटी नाही भेटली काय?” ती हसली आणि तिने विहिरीवरून पाण्याची बादली आणून दिली. ट्यूब पाण्यात बुडवताच बुडबुडे निघाले. प्रवाशाने जागा कोरडी करून घासली, ठिगळ चिकटवले आणि ट्यूब पुन्हा बसवू लागला.

तेवढ्यात झाडाखाली बसलेले एक म्हातारबाबा म्हणाले, “थांबा जी. काटा काढला काय?”

काटा शोधायचे प्रवाशाच्या ध्यानातच आले नव्हते. म्हातारबाबांनी कापसाचा एक पुंजका उचलला आणि टायरच्या आतून हळूहळू फिरवला. एके ठिकाणी तंतू अडकले. तेथे बाभळीचा बारीक काटा रुतलेला होता. तो तसाच राहिला असता, तर नवे ठिगळ लावूनही चाक पुन्हा बसले असते.

गोंद वाळेपर्यंत प्रवासी बांधावर टेकला. रस्त्यावरून केवळ पांढरे दिसणारे शेत आता त्याला जवळून दिसले. प्रत्येक बोंडातला कापूस हाताने ओढून घ्यावा लागत होता. बोंडाच्या वाळलेल्या टोकांनी त्या स्त्रीची बोटे ओरखडली होती. मजुरी किलोवर असल्याने तिला थांबून चालणार नव्हते. तरीही पाण्यासाठी ती थांबली होती. शेत कोरडवाहू होते. पाऊस लांबला, तर पीक हातचे जाणार आणि पीक गेले, तर कर्ज वाढणार. जुलै 2006 मध्ये विदर्भातील ज्या सहा संकटग्रस्त जिल्ह्यांसाठी केंद्र शासनाने विशेष मदत जाहीर केली, त्यांत वर्धा जिल्हाही होता. प्रवाशाने ही बातमी कधीतरी वाचली होती. तिच्यामागची माणसे मात्र तो आज प्रथमच पाहत होता.

त्याने पैसे देऊ केले, तेव्हा म्हातारबाबांनी मान हलवली. “पाण्याचे कुठं पैसे असतात?”

पवनारला पोहोचेपर्यंत सूर्य मावळला होता. धाम नदीच्या काठी विनोबांचा आश्रम आहे. 1951 मध्ये भूदान चळवळ सुरू करून विनोबा सुमारे 13 वर्षे देशभर पायी हिंडले आणि 1964 मध्ये येथे परतले. गावागावांतील माणसांशी बोलायचे, तर त्यांच्या हाकेच्या अंतरावरून, त्यांच्याच चालीने जावे लागते. त्या संध्याकाळी प्रवाशाला ही गोष्ट नव्याने उमगली. त्याला ठरल्यापेक्षा दोन तास उशीर झाला होता. पण त्या दोन तासांचा हिशेब त्याने तोट्यात धरला नाही.

शब्दार्थ

कोरडवाहू – केवळ पावसावर अवलंबून असलेली (शेती)
बोंड – कापसाचे फळ
पुंजका – लहान गोळा

पाठगत प्रश्न

1. ‘मैदानात वाराच चढणीचे काम करतो’ असे का म्हटले आहे?
2. म्हातारबाबांनी टायरमधील काटा कसा शोधला?
3. प्रवाशाने दोन तासांचा उशीर तोट्यात का धरला नाही, ते तुमच्या शब्दांत लिहा.