लंगोटाचा जमाखर्च

कॉस्टिंगच्या पुस्तकातील उदाहरणे बहुधा साखर कारखान्याची किंवा फर्निचरच्या दुकानाची असतात. अक्का बाळंतपणाला माहेरी आली तेव्हा मला एक उदाहरण घरातच मिळाले. बाळाला कापडी लंगोट बांधावेत की बाजारचे डायपर आणावेत? आजीचे मत ठरलेले होते, भावोजींचेही. मी वही घेऊन बसलो.

प्रथम कापड. कापसाचा तंतू पाणी चटकन शोषतो. (कन्नडमध्ये कापसाला ‘हत्ती’ म्हणतात, आमच्या वर्गात यावर बरेच विनोद झाले आहेत.) पण कोऱ्या कापडाला खळ असते, म्हणून ते काही वेळा धुतल्याशिवाय नीट शोषत नाही. आजी लंगोटासाठी जुने धोतर किंवा जुनी सुती साडीच का फाडते, हे मला तेव्हा उमगले. टेरिकॉट या कामी निरुपयोगी. मलमलीची घडी चार पदरी करता येते आणि उलगडली की ती लवकर वाळते. दुकानातील शिवलेले जाड कापडी डायपर जास्त शोषतात. मात्र वाळायलाही तितकाच वेळ घेतात. बेळगावच्या आषाढात हा मुद्दा किमतीपेक्षा मोठा ठरतो.

आता आकडे. ३६ इंची पन्ह्याच्या दहा मीटर मलमलीतून ४५ सेंटिमीटरचे ४४ चौकोन निघतात. दिवसाला १५ लागतात असे धरले, तर एक जोड अंगावर, एक धुण्यात, एक दोरीवर, असे जेमतेम भागते. उलट दिवसाला चार डायपर आणि एकाचे १० रुपये धरले, तर वर्षाचे १४,६०० रुपये होतात. बाळांच्या नॅपकिनवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आला, त्याने थोडा फरक पडतो, इतकेच.

येथवर लंगोट सहज जिंकतो. पण वहीत मजुरीचा रकाना कोरा होता. धुणे, वाळवणे, घड्या घालणे यांस रोज एक तास लागतो. त्या तासाला ४० रुपये लावले की वर्षाचे बरोबर १४,६०० होतात आणि सारी बचत संपते. साबण-पाणी तर वेगळेच. ज्याला आपण परीक्षेत ‘संधी खर्च’ म्हणून दोन गुणांसाठी लिहितो, तो घरात शून्य धरलेला असतो, कारण तो तास बाईचा असतो. आजीला हे सांगितले तर म्हणाली, “मग माझी मागची बाकी कोण देणार?” मला उत्तर सुचले नाही.

पर्यावरणाचा हिशेबही वाटतो तितका सरळ नाही. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेच्या २००८ च्या अभ्यासात अडीच वर्षांच्या वापराचा कार्बनभार डायपरसाठी सुमारे ५५० किलो, तर कापडासाठी सरासरी ५७० किलो निघाला. यंत्रात न वाळवता दोरीवर वाळवले, यंत्र पूर्ण भरून धुतले आणि तेच कापड दुसऱ्या मुलाला वापरले, तर कापडाचा भार बराच उतरतो. आमच्याकडे ऊन फुकट आहे आणि लंगोट तीन भावंडांना पुरतात.

शेवटी आम्ही दिवसा लंगोट आणि रात्री व प्रवासात डायपर असे ठरवले. सकाळचे धुणे माझ्याकडे आहे, रविवारी भावोजींकडे. साबण पूर्ण निघेपर्यंत दोनदा खळबळावे लागते, नाहीतर बाळाच्या अंगावर पुरळ उठते. आणि कपडे मऊ करणारे द्रावण घालायचे नाही, कारण त्याचा थर बसून कापड शोषेनासे होते.