जर्मन भाषेत भाव विचारताना

पुण्यात नारायण पेठेच्या कडेने लक्ष्मी रस्ता जातो. या भागात ‘एकच भाव’ची पाटी आपल्या परिचयाची आहे. जर्मनीतील बहुतेक दुकानांचा रिवाजही तोच. तेथे किरकोळ विक्रीच्या वस्तूवर करासहित किंमत लिहिणे कायद्याने बंधनकारक आहे. मग भाव विचारण्याची भाषा कशाला शिकायची? कारण घाऊक मालाचा भाव पाटीवर नसतो, तो विचारावाच लागतो. चाकणला २००९ साली फोक्सवागनचा कारखाना सुरू झाला. अशा कारखान्यांमुळे जर्मन गिऱ्हाईक पुण्यातही भेटते. शिवाय हस्तकलेचा माल घेऊन फ्रांकफुर्टच्या व्यापारी जत्रेला जाणारे व्यापारीही आपल्याकडे आहेत.

प्रथम ही पाच वाक्ये पाठ करावीत :

१) वास कॉस्टेट दास? – याची किंमत काय?
२) वास कॉस्टन दी? – यांची किंमत काय? (वस्तू अनेक असल्यास)
३) वास कॉस्टेट एस आप हुंडर्ट श्ट्युक? – शंभर नगांपासून पुढे भाव काय?
४) दास इस्ट मिअर त्सू टॉयर. – हे मला महाग पडते.
५) श्रायबन झी दास बिटे आउफ. – कृपया लिहून द्या.

विचारणे सोपे आहे. खरी अडचण उत्तर ऐकताना येते, कारण उत्तरात आकडा असतो. येथे मराठी माणसाला एक फायदा आहे. इंग्रजीत आधी दशक आणि मग एकक येते. आपण मात्र ‘एकवीस’ म्हणतो, म्हणजे आधी एक, मग वीस. जर्मनही तसेच बोलतो : आइन-उंट-त्स्वान्त्सिश, म्हणजे ‘एक आणि वीस’. पंचेचाळीसला तो फ्युन्फ-उंट-फिर्त्सिश म्हणतो. म्हणून जर्मन आकडा मनात इंग्रजीत न करता सरळ मराठीत करावा. अपवाद ‘एकोण’चा. एकोणतीसला जर्मनमध्ये ‘नऊ आणि वीस’ म्हणतात, तीसमधून एक वजा करीत नाहीत.

पंधरा आणि पन्नास यांतही गफलत होते. फ्युन्फत्सेन म्हणजे पंधरा, फ्युन्फत्सिश म्हणजे पन्नास. फरक फक्त शेवटच्या अक्षरांचा, पण रकमेत तो तिपटीहून अधिक! शंका आली की पाचवे वाक्य वापरावे.

लिहिलेला आकडाही जपून वाचावा. आपण हजारानंतर स्वल्पविराम देतो आणि पैशांआधी टिंब. जर्मनीत नेमके उलट. तेथे १.२५०,०० म्हणजे बाराशे पन्नास. समजा, तांबट आळीतील एखाद्या कारागिराने तांब्याच्या शंभर नगांची किंमत १,२५० युरो अशी लिहून पाठवली, तर जर्मन व्यापारी ती सव्वा युरोही वाचू शकेल. म्हणून भावपत्रकात आकड्याबरोबर अक्षरी रक्कमही लिहावी आणि दर नगाचा की शंभराचा, हे स्पष्ट करावे.

आता घासाघीस. जर्मनीत १९३३ च्या कायद्याने किरकोळ गिऱ्हाइकाला रोखीवर ३ टक्क्यांपेक्षा जास्त सूट देण्यास मनाई होती. तो कायदा २००१ साली रद्द झाला, पण दुकानात भाव पाडून मागण्याची सवय तेथे आजही फारशी नाही. जुन्या वस्तूंच्या बाजारात मात्र घासाघीस चालते. घाऊक व्यवहारात नगांची संख्या सांगून ‘गिप्ट एस राबाट?’ म्हणजे ‘सूट मिळेल का?’ असे विचारावे. तो अपमान समजला जात नाही.

पद्धतशीर शिकायचे असल्यास पुण्यात बोट क्लब रस्त्यावर मॅक्स म्युलर भवन आहे. तोवर घरचा अभ्यास : आपल्या दुकानातील दहा वस्तूंच्या किमती जर्मन पद्धतीने लिहाव्यात आणि मोठ्याने वाचाव्यात. जो आकडा अडखळेल, त्यातच नुकसानीची शक्यता आहे असे समजावे.