शिष्याची ओळख

वाचावयाचा भाग : याकोब २:१४–२६, इफिसकरांस २:८–१०, मत्तय ६:१–४

कर्जत तालुक्यात, राजमाचीच्या पायथ्याशी कोंडाणे गाव आहे. गावावरील रानात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची बौद्ध लेणी आहेत. तेथील चैत्याच्या दर्शनी भागी एका मोठ्या मूर्तीचे भग्न अवशेष दिसतात. मूर्ती मोडून गेली. परंतु तिच्याजवळ कोरलेली ब्राह्मी अक्षरांची एक ओळ राहिली आहे. कण्हाचा शिष्य बलक याने हे केले, असा तिचा अर्थ आहे. बलकाने आपले गाव सांगितले नाही, कूळही सांगितले नाही. गुरूचे नाव आणि हातचे काम, एवढ्यावरच तो संतुष्ट राहिला.

आपला विश्वास निराळा आहे. तरी ही ओळ आपणांस विचार करावयास लावते. आपणही शिष्य म्हणवितो. बाप्तिस्म्याच्या वेळी आपण गुरूचे नाव घेतले. परंतु हातचे काम कोठे आहे?

दोषाचा आरंभ आमच्यापासूनच करू. एका हिवाळ्यात काही तरुणांसह ती लेणी पाहून आम्ही उतरत होतो. वाटेत एक कातकरी बाई लाकडांची मोळी उतरवून बसली होती. मोळी पुन्हा डोईवर घेण्यास कोणी हात लावावा, म्हणून ती आमच्याकडे पाहत होती. आम्ही मात्र तरुणांस याकोबाच्या पत्राचा अर्थ मोठ्या उत्साहाने समजावीत पुढे निघून गेलो. मागे वळून पाहिले, तो गुरे राखणारा एक मुलगा तिला मोळी उचलून देत होता. त्या दिवशी पाठ आम्ही शिकविला. पाळला त्या मुलाने.

कोणी म्हणेल, तारण कृपेने होते, कृत्यांनी नव्हे. हे अगदी खरे आहे. पण आपण भातशेती करणारी माणसे आहोत. राब भाजून बी पेरले, पाऊसही पडला, आणि रोप वर आलेच नाही, तर शेतकरी काय समजतो? रोपामुळे बियांत जीव येत नाही. बियांत जीव होता, हे रोपावरून कळते. विश्वासाचे व कृत्यांचे नाते असेच आहे.

कर्जतहून घाट चढून आगगाडी पुण्यास जाते. त्याच लोहमार्गाने पुढे गेले म्हणजे केडगाव लागते. तेथे पंडिता रमाबाईंनी मुक्तिसदन उभारले. १८८३ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांचे आईबाप दुष्काळातच गेले होते. भूक त्यांनी जवळून पाहिली होती. १८९६–९७ च्या दुष्काळात त्या स्वतः मध्यप्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे निराधार मुली व स्त्रियांस त्यांनी आश्रय दिला. अन्नवस्त्राबरोबर शिक्षण, विणकाम, छपाई, शेती असे उद्योगही त्यांस दिले. त्याच रमाबाईंनी पवित्र शास्त्राचे सोप्या मराठीत भाषांतर करण्यात वर्षानुवर्षे श्रम केले, ते १९२२ साली त्यांच्या मृत्यूपर्यंत. वचन आणि भाकरी यांची त्यांनी कधी फारकत केली नाही.

आपणांपैकी प्रत्येकास सदन उभारण्याचे पाचारण नाही. परंतु पावसाने ओढ दिली असता वरच्या खाचरातील पाणी खालच्या शेजाऱ्यास सोडणे, मजुराची मजुरी संध्याकाळीच त्याच्या हाती देणे, भात घेताना व देताना वजन एकच ठेवणे, वीटभट्टीवर गेलेल्या कुटुंबाच्या म्हाताऱ्या आईची विचारपूस करणे, हे कोणास जमणार नाही? मात्र उपकाराचे आमिष करू नये. शेजारी आपल्या मंडळीत येवो अथवा न येवो, त्याचे पाणी त्यास मिळालेच पाहिजे. आणि केलेल्या कामाची दवंडीही पिटू नये.

उपदेशक बंधूंनी येत्या रविवारी मंडळीस हे प्रश्न विचारावेत :

१. आपल्याकडे कोणाची मजुरी अथवा उसने राहिले आहे काय?

२. आपल्या वाटेवर कोणाची मोळी खाली आहे?

उत्तर तोंडाने देण्याची घाई नको. सोमवारी हातांनी द्यावे.